मामल्याच्या पिसवा : बीडच्या बिळांतून आलेला प्लेग

महाराष्ट्रात प्लेग म्हटले की पुणे आठवते. १८९७ साल आठवते, रँड आठवतो, चापेकर बंधू आठवतात. बीड कुणाला आठवत नाही. वास्तविक १९६६ नंतर भारतात माणसाला प्लेग झाल्याची नोंद नव्हती. हा रोग इतिहासजमा झाला, असे मानून एक पिढी वाढली होती. २८ वर्षांची ही शांतता मोडली ती बीड जिल्ह्यातील मामला या लहानशा गावात. आणि मामल्यातून आलेली पहिली तक्रार तापाची नव्हती, मृत्यूची तर नव्हतीच. १९९४ च्या ऑगस्टच्या आरंभी गावकरी सांगत होते की गावात पिसवा फार झाल्या आहेत.

पिसवांची तक्रार ही कोणत्याही सरकारी दप्तरात सर्वांत क्षुल्लक ठरणारी तक्रार. परंतु प्लेगचा इतिहास ज्याने वाचला आहे, त्याच्या अंगावर त्या एका वाक्याने काटा येईल. घरातल्या पिसवा एकाएकी वाढल्या, याचा अर्थ बहुधा असा होतो की त्यांचे हक्काचे यजमान कुठेतरी मरून पडले आहेत. मामल्यात उंदीरही मरून पडत होते. पुढे तीन आठवड्यांनी, २६ ऑगस्टपासून, जांघेत आणि काखेत गाठ आलेले, तापाने फणफणलेले रुग्ण नोंदीत येऊ लागले.

आधी उंदीर, मग पिसू, मग माणूस. हा क्रम आज कुणालाही सोपा वाटेल. तो हाती लागायला मात्र लाखो मृत्यू आणि दहा वर्षांचा वाद खर्ची पडला. आणि त्या वादाचे बरेचसे मैदान महाराष्ट्राच्याच भूमीवर होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले. मांडवी ही धान्याच्या वखारींची वस्ती. तेथील उंदीर आधीच मरत होते आणि ते रहिवाशांनी पाहिलेही होते. पण त्या काळच्या वैद्यकाची नजर उंदरावर नव्हती, घाणीवर होती. रोग दूषित जमिनीतून, ओलीतून, कोंदट हवेतून येतो, हा समज पक्का होता. म्हणून उपायही जमिनीवरच झाले. गटारांतून जंतुनाशक मिसळलेल्या पाण्याचे लोंढे सोडले गेले, घरांच्या जमिनी उकरल्या गेल्या, भिंतींना चुना फासला गेला, सामान जाळले गेले. पुण्यात हेच काम गोऱ्या सोल्जरांच्या हातून झाले आणि त्यातून जो संताप उसळला त्याची परिणती २२ जून १८९७ च्या रात्री झाली, हे सर्वांना ठाऊक आहे.

राजकीय इतिहासात ही कथा अपमानाची आणि प्रतिकाराची म्हणून येते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या मोहिमेची दुसरी शोकांतिका तितकीशी सांगितली जात नाही. ती मोहीम केवळ क्रूर नव्हती, ती उलट्या दिशेची होती. गटारात पाणी सोडले, जमीन उकरली, की बिळातला उंदीर शेजारच्या घरात जातो. तो एकटा जात नाही. अंगावरच्या पिसवा घेऊन जातो. जो बिळातच मेला, त्याच्या थंड पडणाऱ्या देहावरून पिसवा उतरतात आणि जवळचे उबदार शरीर शोधतात. म्हणजे रोग घालवण्यासाठी केलेल्या उकराउकरीनेच तो गल्लीभर पसरण्याची सोय झाली होती.

हे कोडे उलगडणारा पहिला माणूस फ्रेंच होता. पॉल-लुई सिमाँ याने २ जून १८९८ रोजी कराचीत एक साधासा प्रयोग केला. मोठ्या काचेच्या बरणीत तळाशी वाळू, त्यावर प्लेगने आजारी असलेला, पिसवांनी भरलेला उंदीर. आणि वर जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणे अशक्य. खालचा मेला, आणि काही दिवसांत वरचाही प्लेगने मेला. मधले अंतर ओलांडले होते ते पिसवांनी. आज हा प्रयोग वैद्यकाच्या इतिहासातला मानाचा मानला जातो. तेव्हा मात्र त्याची चेष्टा झाली, आणि १८९८-९९ च्या भारतीय प्लेग आयोगाने पिसवांची कल्पना जवळजवळ बाजूला सारली.

ती पुन्हा उभी राहिली मुंबईत. परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ग्लेन लिस्टन याने उंदीर मेलेल्या चाळीत गिनीपिग मोकळे सोडले आणि थोड्या वेळाने त्यांच्या अंगावरच्या पिसवा मोजल्या. त्या उंदरांच्या पिसवा होत्या. १९०५ मध्ये नव्या संशोधन आयोगाचे काम सुरू झाले तेव्हा हेच सूत्र काटेकोर प्रयोगांनी तपासले गेले. प्लेगच्या घरात जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यातले प्राणी मरत. पिसवेच्या उडीपलीकडे, पुरेसे उंच टांगलेले वाचत. रोग जमिनीतून किंवा हवेतून येत असता तर हा भेद पडलाच नसता. पिसवेचे आतडे जंतूंच्या गोळ्याने तुंबते, भुकेने ती पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्यागणिक ते जंतू जखमेत ओकते, हा शेवटचा दुवा १९१४ मध्ये जुळला. तोवर भारतात प्लेगचे बळी लाखोंच्या घरात गेले होते; पुढे तो आकडा १ कोटीच्याही पलीकडे गेला.

एक गोष्ट येथे नमूद करायलाच हवी. आयोगाच्या कितीतरी आधी दख्खनमधल्या गावांनी आपला नियम ठरवून टाकला होता : उंदीर पडले की गाव सोडायचे. ‘उंदीर पडणे’ हा मराठीतला खास प्लेगचा वाक्प्रचार आहे. मरीआईला नैवेद्य दाखवायचा, घराला कुलूप घालायचे आणि रानात, माळावर झोपड्या घालून दोन-तीन महिने काढायचे. आजोबांच्या पिढीतली कितीतरी माणसे आपला जन्म ‘प्लेगच्या झोपडीतला’ असे सांगत. या नियमामागे पिसवेचे शास्त्र नव्हते, निरीक्षण होते. पण घर रिकामे करण्याचा परिणाम तोच होई : उंदीर मेले, त्यांच्या पिसवांना चावायला कुणी उरले नाही, त्या उपासमारीने मेल्या. इंग्रज डॉक्टर जमिनी उकरत असताना खेडूत पिसवेला माणूसच मिळू देत नव्हता. दोघांपैकी शास्त्राच्या जवळ कोण होते, हे सांगण्याची गरज नाही.

आता बीडकडे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे मुंबई इलाख्यातील प्लेगविषयी जेवढा कागद उपलब्ध आहे, तेवढा मराठवाड्याविषयी सहज हाती येत नाही. पण मराठवाड्याचे घर आणि मराठवाड्याचे परस हाच एक दस्तऐवज आहे, आणि तो वाचता येतो.

जुने मराठवाडी घर म्हणजे दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर जाड मातीचे माळवद. गाव वसते ते पांढरीवर, म्हणजे शतकानुशतकांच्या वस्तीने साचलेल्या भुसभुशीत पांढऱ्या मातीवर. शेती ती काळी. पांढरीची माती उकरायला मऊ, कोरडी आणि भिंतीलगत सावलीची. बिळे करणाऱ्या प्राण्याला याहून चांगली जागा कोणती? त्यात घरातच धान्य. ज्वारी पेवात, म्हणजे जमिनीतल्या खोल खड्ड्यात. बळदात, म्हणजे घरातच बांधून काढलेल्या कोठारात. किंवा शेणाने सारवलेल्या कणगीत. (‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो, पेव मात्र अनेकांनी पाहिलेले नसते.) घरामागे परस : चार वांगी, मिरच्या, एखादा शेवगा, गवारीची ओळ, कडब्याची गंजी आणि मोरीचे ओघळ. त्यापलीकडे काट्यांचे कुंपण, आणि कुंपणापलीकडे शेताचा बांध.

या तीन जागांना तीन निरनिराळे शेजारी आहेत, आणि सगळी गोम त्यांच्या भेटीगाठीत आहे. बांधावर आणि माळावर राहतो तो रानउंदीर. लांब शेपटी, तिच्या टोकाला केसांचा झुपका, मोठे डोळे. शास्त्रज्ञ त्याला टाटेरा इंडिका म्हणतात. हा खोल बिळे करतो आणि सहसा घरात येत नाही. परसात वावरते ती घूस आणि तिची लहान भावंडे. वांग्याच्या मुळाशी मातीचा ताजा ढीग दिसला की समजावे. आणि घरात, माळवदाच्या लाकडांत आणि बळदाच्या मागे, काळा घरउंदीर. तो उत्तम चढतो, बिळाची त्याला फारशी गरज नसते.

प्लेगचा जंतू घरउंदराला झपाट्याने मारतो. म्हणून घरउंदरांमध्ये तो दीर्घकाळ टिकत नाही. सगळे मेले की साथ संपते. रानउंदीर मात्र या जंतूला बराचसा दाद देत नाही. तो संसर्ग पचवतो आणि जगतो. त्यामुळे माणसांत एकही रुग्ण नसताना, वर्षानुवर्षे, रानातल्या बिळांमध्ये प्लेग मूकपणे नांदू शकतो. १९६६ नंतरच्या २८ वर्षांत भारतातून प्लेग गेला, असे आपण म्हणत होतो. गेला होता तो घरांतून.

रानातून घरात येण्याचा रस्ता परसातून जातो. रानउंदीर कुंपणाशी आला, त्याच्या सोडलेल्या बिळात घूस शिरली, घुशीच्या अंगावर पिसू चढली, घूस मोरीशी आली, तिथे घरउंदीर भेटला. एरवी हे प्राणी आपापली हद्द पाळतात. हद्दी मोडतात त्या काहीतरी मोठे घडल्यावर.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ते घडले. किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त झाली. ज्या दगडमातीच्या भिंती आणि माळवदे उन्हाळ्यात गारवा देत, त्यांच्याच वजनाखाली हजारो माणसे झोपेत गाडली गेली. वाचलेली माणसे पत्र्याच्या निवाऱ्यात गेली. भेगाळलेल्या घरांत परत जाऊन झोपण्याची हिंमत आसपासच्या जिल्ह्यांतही पुष्कळांना होत नव्हती. ढिगाऱ्यांखाली पेवे आणि कणगी तशाच राहिल्या. धान्य आहे, भेगा आहेत, माणूस नाही आणि मांजरही नाही. उंदीर बेसुमार वाढले, रानातले आणि घरातले एकत्र आले आणि वर्षभराने प्लेग वर आला, असे स्पष्टीकरण १९९४ मध्ये मांडले गेले आणि तेच आजही सर्वत्र उद्धृत होते.

हे स्पष्टीकरण मोहक आहे. भूकंपाने पाताळ उघडले आणि त्यातून जुना शत्रू बाहेर आला, अशी ती जवळजवळ पुराणकथाच वाटते. म्हणूनच ते जरा बेताने घेतले पाहिजे. किल्लारी आणि बीड यांच्यात शंभर किलोमीटरहून अधिक अंतर आहे. भूकंपाचा खरा विध्वंस झाला ती गावे वेगळी आणि गाठीचे पहिले रुग्ण आले ते मामला वेगळे. भूकंपाने या भागातील माणूस, धान्य आणि उंदीर यांची घडी विस्कटली, एवढे मान्य करता येते. ‘भूकंपामुळे प्लेग झाला’ असे एका ओळीत म्हणणे मात्र इतिहासाला पेलणारे नाही. रानातल्या बिळांत जंतू आधीपासून नसता, तर भूकंप काहीच बाहेर काढू शकला नसता.

मामल्यात पुढे जे झाले ते शंभर वर्षांपूर्वीच्या पुण्याशी ताडून पाहण्याजोगे आहे. या वेळी जमिनी उकरल्या गेल्या नाहीत. कीटकनाशकाचा मारा झाला तो पिसवांवर, आणि रुग्णांना व त्यांच्या सहवासातील माणसांना टेट्रासायक्लीन दिले गेले. गाठीचा प्लेग वेळीच औषध मिळाले तर आटोक्यात येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंतिम हिशोबात त्या साथीत देशभर रक्तचाचणीवरून ८७६ संभाव्य रुग्ण मोजले गेले. त्यांतले ५९६ महाराष्ट्रातले होते. मृत्यू ५४. रुग्णांचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग महाराष्ट्राचा, आणि मृत्यू मात्र जवळजवळ सगळे सुरतचे.

सुरतेची गोष्ट जगाने ऐकली. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तेथे फुप्फुसाचा प्लेग उसळला. तो खोकल्यातून माणसाकडून माणसाकडे जातो, त्याला पिसू लागत नाही. लाखो लोक शहर सोडून पळाले, परदेशांनी विमाने थांबवली, निर्यातीवर बंधने आली. मराठवाड्यातून गेलेल्या कुणा मजुराने हा रोग सुरतेस नेला असावा, असा तर्क तेव्हा वारंवार केला गेला. तो सिद्ध झाला नाही, तरी बीडकडे बोट दाखवायला तो पुरला. आधी रोग, मग बदनामी. यातही १८९७ ची आठवण आहेच.

काही तज्ज्ञांनी तर तो प्लेग होता की नाही, याविषयीच शंका घेतली. लक्षणे दुसऱ्या आजाराचीही असू शकतात, आणि केवळ रक्तातील प्रतिपिंडांवरून निदान पक्के होत नाही, हा त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने प्लेगच होता असा निष्कर्ष काढला. पुढे २००० साली हैदराबादच्या पेशीय आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी १९९४ च्या जंतूंची जनुकीय तपासणी प्रसिद्ध केली आणि येर्सिनिया पेस्टिस या नावावर शिक्कामोर्तब झाले. तोवर वर्तमानपत्रे कधीच पुढे निघून गेली होती.

सुरतेच्या बातम्यांनंतर देशातल्या अनेक शहरांत उंदीर मारण्याच्या मोहिमा निघाल्या. सापळे, विषाच्या गोळ्या, बिळे बुजवणे. भीती समजण्याजोगी होती, पण १८९६ ची चूक येथे पुन्हा डोकावते. साथीच्या काळात उंदीर आधी मारला तर त्याच्या पिसवा बेघर होतात. म्हणून प्लेगच्या नियमात क्रम ठरलेला आहे : प्रथम बिळांच्या तोंडाशी आणि उंदरांच्या वाटांवर कीटकनाशक भुकटी टाकून पिसवा माराव्यात, त्यानंतरच उंदरांना हात घालावा. मेलेला उंदीर हाताने उचलू नये, तो खोल पुरावा किंवा जाळावा.

साथ नसताना गोष्ट निराळी असते. तेव्हा परसातील बिळांचा बंदोबस्त हे साधे शेतकरी काम आहे आणि त्याची रीत मराठवाड्यातल्या कोणत्याही जाणत्या माणसाला ठाऊक असते. संध्याकाळी सगळी बिळे ओल्या मातीने लिंपायची. सकाळी जी उकरलेली दिसतील ती जिवंत. उरलेल्यांवर श्रम वाया घालवायचे नाहीत. जिवंत बिळांपाशी एक-दोन दिवस नुसतेच तेल लावलेले धान्य ठेवायचे. उंदीर नव्या अन्नाकडे संशयाने पाहतो, त्याचा विश्वास बसला की मग विषारी आमिष. पहिल्याच दिवशी विष ठेवले तर थोडे खाऊन तो आजारी पडतो आणि पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. कडब्याची गंजी जमिनीवर न ठेवता मांडवावर रचायची, आणि कुंपणाची काटेरी दाटी वर्षातून एकदा मोकळी करायची. शेकडो वर्षे घुशीशी चाललेल्या या झटापटीला इतिहासाच्या पुस्तकात एक ओळही मिळालेली नाही.

१९९४ नंतरच्या पाहणीत बीडच्या परिसरातील उंदरांचे रक्त तपासले गेले, तेव्हा घरउंदराबरोबर टाटेरा इंडिकाच्या रक्तातही प्लेगच्या प्रतिपिंडांच्या खुणा आढळल्या. २००२ मध्ये हिमाचल प्रदेशात सिमला जिल्ह्यात आणि २००४ मध्ये उत्तरकाशीत प्लेग पुन्हा माणसांत दिसला. दोन्ही वेळा डोंगरातल्या लहान वस्त्यांत.

प्लेगवर पाळत ठेवणारी पथके आजही तेच करतात जे लिस्टनने परळला केले होते. पिंजऱ्यात उंदीर पकडायचा, त्याला बेशुद्ध करायचे, पांढऱ्या पात्रात अंग विंचरायचे आणि खाली पडलेल्या पिसवा मोजायच्या. उंदरामागे उंदरांच्या पिसवेची सरासरी एकाच्या वर गेली, की त्या गावाच्या नावासमोर खूण होते. मामल्याच्या माणसांनी ऑगस्ट १९९४ मध्ये पिंजरा आणि कंगवा नसताना, अंथरुणावर बसून, हीच मोजणी केली होती.